पूल बंद आहे

गार्तांप नदीकाठचा हा रस्ता
मी एकवीस वर्षं उंचावरून पाहिला,
दुधाच्या टँकरच्या काचेतून,
वायपरच्या दोन फटकाऱ्यांमध्ये मावेल तेवढा.
कुठल्या वळणावर गिअर उतरवायचा, एवढीच ओळख.
नदी होती. असणारच.
आरशाच्या कोपऱ्यात
काहीतरी हिरवट सोबत यायचं.

आता सायकलवरून बघते
तर डांबराच्या मधोमध गवत उगवलंय,
बोटभर उंच, सरळ,
कुणी भांग पाडावा तसं.

पुरात तिसरा खांब खचला, त्याला झाली तीन वर्षं.
पुलाच्या तोंडाशी सिमेंटचे चार ठोकळे, लाल पाटी,
आणि ठोकळ्यांमध्ये बरोबर एका हँडलपुरती फट.
इथली माणसं पाटी नीट वाचतात
आणि मग फटीतून जातात.

मोटारी थांबल्यावर
आधी ऐकू आली माझीच साखळी, तेल मागणारी.
मग गिरणीच्या बांधावरून पडणारं पाणी.
मग पॉपलरची पानं,
लांब कुणीतरी सुपात धान्य पाखडतंय अशी.
बगळा पूर्वी दुरूनच उडायचा.
आता नुसती मान वळवतो कारकुनासारखी,
आणि परत आपल्या कामाला लागतो.

ही शांतता फुकटची नाही, मला ठाऊक आहे.
तिचा हिशोब माझ्याच वहीत आहे.
तेओदोरचे गुडघे गेले, मुलगा बोर्दोला,
चाळीस गाई एका सकाळी लिलावात.
चुन्याच्या भट्टीमागच्या त्या दोघी बहिणी,
गाई नऊच, पण प्रत्येकीला नाव.
शेवटच्या दिवसाचं दूध त्यांनी टँकरला दिलं नाही.
बादल्या उचलल्या, नदीत ओतल्या.
मी रिकामी नळी गुंडाळत उभी होते
आणि पाणी बराच वेळ पांढरं वाहत होतं.
रस्ता असा एकेका गोठ्याने ओस पडत गेला.
पूल तर अगदी शेवटी गेला.

पलीकडे युर्सुल राहते. वय एक्याण्णव.
अँसेल्मच्या पावाच्या गाडीला आता एकोणीस किलोमीटरचा वळसा,
म्हणून तो फक्त मंगळवारी जातो.
बाकीचे दिवस मी.
मागच्या कॅरिअरला तीन लांब पाव,
जुन्या ट्यूबने आवळलेले.
ऑगस्टात पिवळे आलुबुखार रस्त्यावर पडून फुटतात,
गांधीलमाशा झिंगलेल्या,
चाकं चिकट आवाज करत जातात.
भट्टीच्या उतारावर मी दोन्ही पाय पॅडलवरून सोडते.
वय वर्षं चौसष्ट.
ओरडतेसुद्धा. काय, ते सांगणार नाही.

मार्चमध्ये नगरपालिकेत सभा झाली.
कुणी अँब्युलन्सचं बोललं,
अँसेल्मने डिझेलचा खर्च फळ्यावर मांडून दाखवला.
पूल व्हावा असं वाटतं त्यांनी हात वर करा.
माझा हात वर गेला.
जरा उशिरा गेला.
अँसेल्मने ते पाहिलं. बोलला काही नाही.
दुसऱ्या दिवशी पाव मोजताना
एक जास्तीचा टाकला, पैसे न घेता,
आणि मला नीट कळलं नाही
हे आभार होते की टोमणा.

युर्सुलला सांगितलं,
पुढच्या उन्हाळ्यापासून गाडी रोज दारात येईल.
तिने पावाचं टोक मोडलं, बराच वेळ चघळलं.
"गाडीतला पाव गरम असतो," म्हणाली.
"तुझा वाऱ्याने कडक होतो. मला दात कुठे आहेत?"
मी हेल्मेटचा पट्टा लावत राहिले, लागत नव्हता.
"तू ये मात्र.
कोंबड्यांना कडकच आवडतो."

परतताना पाहिलं,
मोजणीवाल्यांनी गवताच्या त्या भांगावर
लाल रंगाने फुल्या मारल्यात,
दर दहा पावलांवर एक.
रंग अजून ओला होता.
मी सायकल कडेने काढली.
खरं तर मधूनही जाता आलं असतं.